आदल्या रात्रीची निवांत झोप

फोन हंबीररावांचा होता, आणि हंबीरराव नेहमी फोनवर ओरडतात तसं आज ओरडत नव्हते.

उजळाईवाडीच्या माळावर, विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं लॉज आहे. दारावर पाटी आहे, ‘सकाळचं विमान? आदल्या रात्री निवांत झोपा.’ त्या पाटीवरच धंदा चालतो. चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं घाटरस्त्याचा शीण उतरवायला इथं रात्र काढतात आणि सकाळी ताजीतवानी होऊन विमानात बसतात. आज वरच्या मजल्यावरची एक म्हातारी पहाटेच्या पूजेला बसली आणि बसल्या जागी गेली, असं हंबीररावांनी सांगितलं. घरचे लोक तिला गावी न्यायला निघाले होते.

“मग मला कशाला बोलावताय?” फौजदार दीप्ती कुरणेनं विचारलं.

“माझं लॉज हाय, मॅडम. उद्या कुणी नाव घ्यायला नको. एकदा बघून जावा की.”

दीप्ती बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आली होती. फोन आला तेव्हा तिचं तान्हं तिच्या मांडीवर झोपेला आलं होतं. तिनं त्याला सासूच्या मांडीवर अलगद सरकवलं, हवालदार ज्ञानूला जीप काढायला सांगितलं आणि निघाली.

वरच्या मजल्यावर तीन खोल्या एका उघड्या गॅलरीत उघडत होत्या. गॅलरीत नव्या फरशीचं घासकाम चाललेलं. आदल्या संध्याकाळी मशिन बंद करून मजूर गेले होते आणि मागं पांढरी, चिकट भुकटी राहिली होती. दीप्तीचे बूट दोन पावलांत पांढरे झाले. हंबीरराव ओशाळून म्हणाले की गिऱ्हाईक सकाळी गेलं की धुऊन घेणार होतो.

गेलेल्या मल्लव्वा मधल्या खोलीत होत्या. पलंगावर मांडी घालून, पाठ कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यातली चांदीची पेटी उघडी, तिच्यातलं पूजेचं इष्टलिंग डाव्या तळव्यावर, डोळे मिटलेले. एखादी बाई भरल्या घरात पूजा करताना जशी दिसेल तशाच. ज्ञानूनं टोपी काढली. “असं मरण मिळायला भाग्य लागतं, मॅडम.”

दीप्तीलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिला खालचा ओठ थोडा सुजलेला दिसला.

मुलगा सोमेश दारात उभा होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, डोळे लाल. त्यानं सांगितलेली हकीकत साधी होती. त्याची बायको सुष्मिता श्रावणात शेततळ्यात पाय घसरून गेली. मागं शांभवी, सहा वर्षांची. सुष्मिताची थोरली बहीण गिरिजा बेंगळुरूला असते, तिनं पोरीला सांभाळायचं कबूल केलं. अव्वा, म्हणजे त्याची आई, तिला सोडायला निघाली होती. अव्वाला गाडी लागते, म्हणून आदल्या रात्री इथं मुक्काम करायचं त्यानंच सुचवलं. पलीकडच्या खोलीत भरमाप्पा मामा, म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ, अलीकडच्या खोलीत तो स्वतः.

“तुम्हाला कधी कळलं?”

“उजाडल्यावर. शांभवी पळत आली माझ्या खोलीत. अज्जी बोलंना म्हणाली. जाऊन बघतोय तर अव्वा पूजेत बसलेली. हात लावला. गार.”

“खोलीला कडी नव्हती?”

“अव्वा कडी लावत नव्हती. पोरीला उघडता यायची न्हाई म्हणून.”

“अंघोळ करून बसल्या होत्या?”

“व्हय तर. तिचा नियमच हाय तो.”

त्याला घाई होती. दिवस मावळायच्या आत गावी माती द्यायची, विधी करायला जंगम वाट बघत बसलाय, आता फाडाफाडी नको, असं त्यानं हात जोडून सांगितलं. पोरीलाही परत नेणार होता. आजी गेल्यावर आता कुठलं बेंगळुरू, बापाजवळ राहील म्हणाला.

दीप्तीनं मान हलवली आणि न्हाणीघरात डोकावली. बादली कोरडी. फरशी कोरडी. लॉजनं दिलेल्या साबणाच्या वडीचा कागद निघालेला नव्हता आणि टॉवेलची घडी मोडलेली नव्हती.

मग तिनं मल्लव्वांच्या पोलक्याची मागची बाजू थोडी खाली ओढून पाहिली. खांद्यांच्या पात्यांभोवती फिकट जांभळे डाग उतरले होते. तिनं लुगड्याचा काठ पुन्हा नीट केला. ज्ञानूला हळूच सांगितलं, की सरकारी दवाखान्याची गाडी बोलाव आणि खालच्या फाटकाशी कुणाला तरी उभं कर.

भरमाप्पा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. हंबीररावांनी कानात सांगितलं होतं, की रात्री जेवताना हे म्हातारबुवा बहिणीवर इतके खेकसले की शेजारच्या टेबलावरचं पावणं ताट घेऊन उठलं. दीप्ती त्यांच्या शेजारी बसली.

“भांडण कशावरनं झालं?”

“पोरीवरनं. आमच्या घरची पोर, ती परमुलखात का वाढवायची? अक्का ऐकंना. म्हणाली, पोर एकदा गिरिजाच्या पदरात पडू दे, मग मला जे सांगायचंय ते मी चार माणसांत येऊन सांगणार.”

“काय सांगायचं होतं?”

“ते न्हाई बोलली. मी वरडलो आणि ताटावरनं उठलो. शेवटचं बोलणं तेवढंच झालं बघा.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “एक बरं झालं. बसून गेली. पडून गेली असती तर आमच्यात पंचाईत होती.”

“का?”

“आम्ही लिंगायत, आडवं न्हाई पुरत, बाई. मांडी घालून, हातात लिंग देऊन बसवतो समाधीत. अंग आखडायच्या आत बसवावं लागतं माणसाला. न्हाईतर मांडी मोडत न्हाई, जबरदस्ती करावी लागते. लई वंगाळ दिसतं ते.”

“अंघोळीआधी लिंग हातात घेत होत्या का कधी?”

भरमाप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं काही अभद्र विचारलं. “तापानं फणफणली तरी डोक्यावर पाणी घेतल्याबगार हात लावायची न्हाई.”

दीप्ती उठली. आता पोरीकडं जायला हवं होतं आणि तेच तिला नको होतं.

शांभवी बापाच्या खोलीत पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. कुणीतरी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला होता, तो तसाच होता. दीप्ती काही विचारत बसली नाही. तिनं ज्ञानूकडून पोरीचे सँडल मागवले. ते आजीच्या पलंगाखाली, बक्कल लावून शेजारी शेजारी ठेवलेले सापडले. दीप्ती गुडघ्यावर बसली. तिनं एक पाऊल हातात घेतलं. घरच्या बाळाचं पाऊल ती रोज पहाटे असंच तळव्यात धरून बसत असे. तिनं सँडल चढवायला ते उचललं आणि तशीच थांबली.

टाच गुलाबी होती. बोटांच्या बेचक्याही स्वच्छ होत्या.

तिनं मागं पाहिलं. दारापासून पलंगापर्यंत तिच्या स्वतःच्या बुटांचे पांढरे ठसे उमटले होते.

“सोमेश, हिचे पाय धुतले का हो कुणी?” तिनं सहज विचारलं.

“पाय? न्हाई. कुठलं सुचतंय, मॅडम. आली तशी गादीवर बसलीय, खाली उतरलीच न्हाई.”

दीप्तीनं दुसरा सँडल चढवला, बक्कल लावलं आणि पोरीला हंबीररावांच्या बायकोकडं खाली पाठवून दिलं.

तेवढ्यात मधल्या खोलीत मल्लव्वांचा मोबाईल वाजू लागला. गिरिजाचा फोन होता. विमान वेळेवर आहे ना, एवढंच विचारायला तिनं केलेला. दीप्तीनं तिला काय घडलं ते सांगितलं.  मग गिरिजा बोलली ती एका दमात बोलली. सुष्मिता पाय घसरून पडली नव्हती. मल्लव्वांनी गोठ्याच्या दारातून सगळं पाहिलं होतं. पोर त्या घरात असेपर्यंत तोंड उघडायची त्यांना भीती होती. पोर पोचली की परत फिरून थेट पोलिसांत जाणार होत्या.

“मी येते,” गिरिजा म्हणाली. “तेच विमान इकडून येतं. पण मी पोचेपर्यंत शांभवीला त्याच्या गाडीत बसू देऊ नका.”

दीप्तीनं गॅलरीत सगळ्यांना बोलावलं. ज्ञानू जिन्याशी उभा राहिला, हंबीरराव कठड्याला टेकले. भरमाप्पा खाली मान घालून आले. सोमेश गाडीची किल्ली बोटात फिरवत होता.

ती म्हणाली, “मल्लव्वा पूजेत गेल्या नाहीत. न्हाणीघर कोरडं आहे. बिनअंघोळीच्या त्या लिंगाला हात लावत नव्हत्या, हे त्यांच्या भावानं सांगितलं. त्या बसलेल्याही गेल्या नाहीत. माणूस गेल्यावर रक्त खाली उतरतं. बसून गेल्या असत्या तर पाठीवर डाग आले नसते. त्या उताण्या झोपलेल्या असताना गेल्या. ओठ सुजलाय, तो तोंडावर उशी दाबल्यामुळं, असा माझा अंदाज आहे. डॉक्टर सांगतीलच. नंतर कुणीतरी त्यांना उठवून बसवलं, मांडी घातली, विभूती लावली, हातात लिंग दिलं.”

“बसवलं कशाला पण?” हंबीरराव म्हणाले. “झोपेत गेली म्हटलं असतं तर कुणी बघितलंबी नसतं.”

“मलाही तेच कोडं पडलं होतं. चोर असता, परका असता, तर तसंच टाकून गेला असता. अंग आखडायच्या आत बसवायचं असतं, हे घरच्यालाच ठाऊक. आणि त्यांची समाधी नीट व्हावी असं वाटणारा माणूसही घरचाच. इथं घरची माणसं दोनच.”

भरमाप्पांनी वर पाहिलं.

“मामा रात्री भांडले. त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. पण शांभवी रात्री आजीजवळ झोपली होती. तिचे सँडल तिथंच आहेत. सकाळी ती पळत बापाकडं आली, असं सोमेश सांगतात. म्हणजे अनवाणीच. या गॅलरीतून?” तिनं खाली बोट दाखवलं. “आपल्या सगळ्यांचे पाय बघा. आणि तिचे बघा जाऊन. धुतलेलेही नाहीत, हे मी विचारून घेतलंय. ती चालत आलीच नाही. तिला उचलून आणलं. मल्लव्वांच्या तोंडावर उशी ठेवण्याआधी कुणीतरी त्या झोपलेल्या पोरीला अलगद उचललं आणि तुमच्या खोलीत, तुमच्या गादीवर ठेवलं, सोमेश. तिनं बघू नये म्हणून. आणि सकाळी तुम्ही खोटं सांगितलं.”

किल्ली फिरायची थांबली.

“सुष्मिताला तुम्ही तळ्यात लोटलं, ते तुमच्या आईनं पाहिलं होतं,” दीप्ती म्हणाली. “गिरिजानं सांगितलं मला. चार माणसांत सांगणार असं त्या जेवताना म्हणाल्या, ते तुम्हीही ऐकलंत. विमान उडालं की आई तुमच्या हातातून सुटणार होती. एवढीच रात्र होती तुमच्याकडं.”

सोमेश नाकबूल करील असं तिला वाटलं होतं. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला, त्या पांढऱ्या भुकटीतच. मग जे बोलला ते दीप्तीशी नव्हतं, मामाशी होतं.

“झाल्यावर तिच्यापाशीच बसलो होतो, मामा. जायला पायच उठंनात. मग ध्यानात आलं की अंग आखडायला लागंल. उद्या लोक तिची मांडी मोडतील. तसं कसं ठेवू तिला? आई हाय ती.”

भरमाप्पांनी हात उगारला. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

ज्ञानूनं सोमेशला उठवलं. जिना उतरताना त्यानं शांभवी कुठं आहे म्हणून विचारलं. ज्ञानूनं त्याला तसंच खाली नेलं.

दवाखान्याच्या माणसांना मल्लव्वांना स्ट्रेचरवर आडवं करता आलं नाही. शेवटी त्यांनी त्यांना बसल्या स्थितीतच चादर गुंडाळून, चौघांनी मिळून खाली नेलं. भरमाप्पा मागून चालत होते, एक हात बहिणीच्या पाठीला लावून.

विमान येऊन उतरलं. गिरिजा यायला अजून अवकाश होता. दीप्ती खालच्या ओट्यावर शांभवीला जवळ घेऊन बसली. मागचे काही तास तिनं या पोरीला एकही प्रश्न विचारला नव्हता. आपल्याला लागणारी साक्ष तिच्या पायांनी दिली, तोंडानं द्यायची वेळ आली नाही, याचं तिला मनातून बरं वाटत होतं. झोपेत उचललेलं मूल. त्याला काही ठाऊक नाही. निदान तेवढं तरी सुटलं.

“मावशी येतीय तुझी,” ती म्हणाली. “तिच्या घरी जायचं.”

“अप्पा येणार?”

“नाही.”

शांभवीनं जरा विचार केला. मग दीप्तीच्या कमरेला घट्ट धरून, आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली,

“मग मी रात्री खरंखुरं झोपू का? काल अप्पानं उचललं तवा मी जागीच होते. अज्जीनं शिकवलंय मला. अप्पा आला की डोळे मिटायचे आणि हलायचं न्हाई.”