गुलाबी पानावर सही

लिफ्टमध्ये शिरता शिरता तो पुटपुटला, "घड्याळजीला मारायचं नाही. ठरलं!"

"मारून झालाय," शेजारची बाई म्हणाली. "चाळिसाव्या पानावर. मीच मारला."

लिफ्टमधले आजोबा पहिल्याच मजल्यावर उतरले. त्यांना जायचं होतं नवव्यावर. भीतीपोटी आठ मजले धावत चढले आणि त्यांचा गुडघा कायमचा बरा झाला. खोटं वाटत असेल तर गुडघ्यालाच विचारा!

तर अशी झाली भेट... ती एका कादंबरीची लेखिका आणि तो त्याच कादंबरीची मालिका लिहिणारा पटकथाकार.

वाहिनीची रीत अशी, की पुस्तकाबरहुकूम असलेला प्रसंग पांढऱ्या कागदावर, बदललेला गुलाबी कागदावर. गुलाबी पानावर लेखिकेची सही नसेल तर बदल रद्द. म्हणून दर मंगळवारी स्वारी गुलाबी गठ्ठा घेऊन तिच्या दारात हजर.

बाई संशयी. किती? दूध उतू गेलं, तर आधी दुधाचा हेतू तपासणारी!

"घड्याळजी अजून जिवंत कसा?"

"लोकांचा जीव जडलाय हो त्याच्यावर."

"आणि नायिकेला भाऊ कुठून आला?"

"सेटवर एक खोली रिकामी होती."

हसू आलंच तिला. ते तिनं खोकल्यात लपवलं. ती पानं वाचायची, तेवढ्यात तो तिच्या बोथट पेन्सिलींना टोक करून ठेवायचा.

पाचव्या मंगळवारी मात्र ती थबकली. मालिकेतली नायिका रागावली की उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होती.

"हे माझ्या पुस्तकात नाही."

"नाही."

"मग आणलंत कुठून?"

"इथूनच..." तो हळूच म्हणाला. "चष्मा डोक्यावर आहे तुमच्या."

तिचा हात केसांत गेला – आणि कान लाल झाले.

"ताई, तो तुझ्या प्रेमात पडलाय," धाकट्या बहिणीनं निकाल दिला.

"माझ्या सहीच्या! शेवटचा भाग राहिलाय. पुस्तकात नायिका बोटीनं एकटी निघून जाते. वाहिनीला हवंय लग्न. गोड गोड वागून सही काढणार बघ."

"मग दर मंगळवारी केस का धुतेस?"

"धूळ असते."

"फक्त मंगळवारी?"

शेवटच्या मंगळवारी तिनं घरातली सगळी पेनं पिठाच्या डब्यात पुरली. मन विरघळलं तरी सही होता कामा नये! तो आला. गठ्ठा पुढे ठेवला.

पांढरं पान. पांढरं... शेवटपर्यंत पांढरंच. बोट निघाली, नायिका एकटी.

"लग्न?"

"नाही लावलं. अकरा दिवस भांडलो वाहिनीशी. ती त्या बोटीवर एकटीच शोभते."

"मग माझी सही?"

"नको आहे. आता तुमच्याकडून कामाचं काहीच नकोय... म्हणून आजच विचारतोय."

त्यानं खिशातून एक गुलाबी पान काढलं. त्यावर एवढंच होतं – 'लेखिकेचं घर. दुपार. तो विचारतो: मंगळवाराऐवजी रोज आलो तर?'

तिनं पान उलटून पाहिलं. उजेडात धरलं.

"हे मालिकेत जाणार नाही ना?"

"नाही."

"शेवटी कुणी मरतं?"

"दोघंही. पण खूप म्हातारे होऊन."

ती स्वयंपाकघरात गेली. परतली ती कोपरापर्यंत पिठानं माखून, हातात पेन घेऊन. 'रोज आलो' खोडलं आणि वर लिहिलं, 'इथेच राहिलो'.

"रोज ये-जा करणाऱ्या माणसांचा मला संशय येतो," ती म्हणाली. "आणि आता बदल माझा आहे. सही तुमची हवी."

त्यानं सही केली. शाई वाळेपर्यंत तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला...

न जाणो, पळाला तर!