पुसलेली फुली

"खिडकीजवळ मी बसणार," भोंगा म्हणाला. "तू बसशील पुस्तकात डोकं घालून. तुला खिडकी कशाला?"

त्याच्या बहिणीचं, म्हणजे चष्मिसचं, तिकडे लक्षच नव्हतं. मामाच्या ट्रेलरमध्ये बसून, मोठा उतार उतरून आजीकडे जायचं, हे सुट्टी लागल्यापासूनचं दोघांचं स्वप्न. पण आत्ता ती मागच्या चाकाकडे टक लावून बघत होती.

ट्रेलर उभा होता त्या यार्डाची एक पद्धत होती. गाडी निघण्याआधी मिस्त्रीकाका हातोडीने प्रत्येक चाकाचे नट ठोकून बघत. आवाज खणखणीत आला की टायरवर खडूने फुली मारत. फुली नसेल, तर फाटकावरचे पहारेकरी आजोबा कुणाचीही गाडी सोडत नसत.

"भोंग्या, पुढच्या चाकांचे नट बघ. ठोकले तिथली धूळ उडालीय. मागच्यांवर धूळ तशीच आहे, आणि फुली मात्र आहे."

"मग?"

"मग हे ठोकलेच नाहीत."

तिने एका नटाला हात लावला. तो फिरला. नुसत्या बोटांनी! वर लोखंडी पाइपांचा ढीग, पुढे तो उतार, आणि गाडी चालवणार मामा. भोंग्याचा आवाज बसला. असं सहसा होत नसे.

ती मिस्त्रीकाकांकडे धावली. ते फोनवर बोलत होते. "फुली दिसत नाही का, ताई? नंबर वाढला वाटतं चष्म्याचा," ते हसले आणि परत फोनला लागले.

"मामा, मागची चाकं..."

"तीही येणार आहेत आपल्याबरोबर," मामा म्हणाला. "उशीर झालाय, पाणी भरून येतो. चढा तुम्ही."

मामा पाठमोरा झाला. चष्मिसने भोंग्यापुढे हात केला. "टोपी दे."

"नवीन आहे गं!"

"दे म्हणते ना."

टोपीने तिने मागच्या चाकांवरच्या फुल्या घासून पुसल्या. मग दोघं निमूटपणे केबिनमध्ये चढली.

गाडी गोगलगायीसारखी फाटकाशी आली. आजोबांनी मागे चक्कर मारली आणि हात आडवा केला. "फुली कुठाय?"

मिस्त्रीकाका तणतणत आले. "मी स्वतः मारली होती!"

"मी पुसली," खाली उतरून चष्मिस म्हणाली. मामा तिच्याकडे बघतच राहिला. "आता ठोका, काका."

त्यांनी रागारागाने हातोडी हाणली. टण्. टण्. मग आवाज आला, थप्. पुढच्या नटावरही थप्. त्यांनी हात लावला, आणि नट त्यांच्या तळहातावर उतरला.

मामा केबिनच्या पायरीवर मटकन बसला.

"फुल्या मी आधीच मारून ठेवतो," मिस्त्रीकाका पुटपुटले, "मग ठोकत जातो. आज मध्येच फोन आला."

"पोरीने सगळ्यांना वाचवलं," आजोबा म्हणाले. मामाने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नट आवळून झाल्यावर मिस्त्रीकाकांनी तिच्यापुढे खडू धरला. "आजची फुली तू मार."

चष्मिसने खडू घेतला. "आधी परत ठोका, काका. सगळे."

काकांनी ठोकले, एकूण एक. ती कान देऊन ऐकत राहिली. मगच तिने फुली मारली.

केबिनमध्ये चढली तेव्हा खिडकीजवळची जागा मोकळी होती. भोंगा मळकी टोपी मांडीवर घेऊन मधे सरकला होता.