न भेटता केलेली सही

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. मला ती आत्याने सांगितली, आणि माझी आत्या भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही.

गेल्या मार्चमधला बुधवार. दुपारचे चार.

आत्या तपासनीस. ज्याला स्वतःचं भलंबुरं कळत नाही, अशा माणसाला वृद्धाश्रमात कुलपाआड ठेवायचं तर कायद्याची परवानगी लागते. तीही एकाच वर्षाची. दरवर्षी तपासनीसाने त्याला समोर बसवून विचारायचं, मगच कुलूप.

त्या वेळी कामाने आत्याचा नुसता पिट्टा पडला होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांची पाळी आली, तेव्हा तिने वृद्धाश्रमाच्या मेट्रनला फोन केला. मेट्रन म्हणाली, बदल काहीच नाही, उगाच कशाला हेलपाटा घालता. आत्याने गेल्या वर्षीची उत्तरं नव्या फॉर्मवर उतरवली, 'प्रत्यक्ष भेट घेतली' यावर खूण केली आणि सही ठोकली.

नवव्या दिवशी आजोबा गेले. छातीत कळ आली होती. दुपारी चारपासून तासभर आतून दार वाजवत होते म्हणे. रोजच वाजवायचे, म्हणून कोणी उठलं नाही.

आत्याला अन्न गोड लागेना.

मग तो बुधवार. ती घरात एकटीच होती.

आणि...

टक. टक. टक.

बेडरूमच्या दारातून. आतून.

दार तर सताड उघडं होतं... आत कोणीच नव्हतं. तरी बंद दारावर मूठ आपटावी तसा आवाज तासभर येत राहिला.

गुरुवारी चारला तेच. शुक्रवारीही.

शनिवारी तिने कोरा फॉर्म घेतला आणि उंबऱ्यापाशी खुर्ची ओढली.

"आजोबा, चुकले मी. आज विचारते."

आवाज थांबला.

तिने पहिला प्रश्न वाचला. "तुम्हाला इथं का ठेवलंय, ते कळतं का?"

तिने उत्तराच्या रकान्यावर पेन टेकवलं...

मग अगदी कानाशी, थकलेल्या आवाजात...

"सगळं कळत होतं, बाई. विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

सोमवारी आत्याने ऑफिसात सगळं कबूल केलं. त्या महिन्यात अशा अकरा सह्या केल्या होत्या. साहेब म्हणाले, रीतसर चौकशी होईल, तोवर कुलपं राहू द्या.

टकटक बंद झाली. मीही जरा निर्धास्त झालो.

काल तिचा फोन आला. पुन्हा सुरू झालंय...

या वेळी स्वयंपाकघराच्या दारातून. आणि मूठ हलकी आहे. बाईमाणसाची.