मजेत आहे, असं म्हणायचं नव्हतं

मी इमारतीत शिरले तर लिफ्टचं दार सताड उघडं, आत लिफ्टचा पत्ता नाही, आणि खालच्या खड्ड्यातून कुणीतरी मजेत शीळ घालतंय.

"अहो, खड्ड्यातले!" मी हाक मारली. "लिफ्ट कधी सुरू होणार?"

शीळ थांबली. आधी बॅटरीचा उजेड वर आला, मग विस्कटलेले केस, मग कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि मग डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"तासाभरात होईल."

"मला आत्ता तिसऱ्या मजल्यावर जायचंय."

"मग जिना आहे की."

"जिना मलाही दिसतोय हो! चढता आला असता तर तुमच्याशी कशाला हुज्जत घातली असती?"

त्याने माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि चक्क लाजला. ग्रीस लावलेला माणूस लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिसऱ्या मजल्यावर भत्त्याचं कार्यालय होतं. मला ऐन पंचविशीत संधिवाताने गाठलं, तेव्हापासून सरकार दरमहा भत्ता देतं. माझी औषधं, सकाळी मदतीला येणाऱ्या बाई आणि माझी ती एका खिडकीची खोली, सगळं त्याच्यावर चालतं. आता फेरतपासणी निघाली होती. 'अजून गरज आहे का' ते बघणार, आणि नाही वाटलं तर भत्ता बंद. म्हणजे खोली सोडून परगावी ताईकडे. ताई सोन्यासारखी आहे, भावजीही साधे. पण तिथे मी 'आमची आजारी' होणार, आणि माझ्या खोलीत मी नुसती मी असते.

बोलावणं आल्यापासून माझी झोप उडाली होती. दाराशी पाऊल वाजलं तरी वाटायचं, आलाच भत्ता बंदचा कागद. ताई रोज फोनवर शिकवणी घ्यायची, "केस विंचरू नकोस. लिपस्टिक तर अजिबात नको. जरा रडवेली दिस गं!" मी हो हो म्हणायचे. आणि त्या सकाळी मुद्दाम लिपस्टिक लावून निघाले होते. भीक मागायला थोडीच चालले होते?

"गंमत बघा," मी पायरीवर बसत म्हणाले. "वर गेले नाही तर गैरहजर, भत्ता बंद. जिना चढून गेले, तर चढली की बाई, धडधाकट आहे... म्हणजे परत भत्ता बंद!"

तो खड्ड्यातून वर आला. हात पुसत धाडधाड जिना चढून गेला आणि तसाच खाली आला. "मी वरच्या अधिकारी बाईंना म्हटलं, तुम्हीच जरा खाली या. तर म्हणाल्या, नियमात बसत नाही."

"तुम्ही कशाला गेलात?"

"लिफ्ट माझ्यामुळे बंद आहे ना." मग जरा घुटमळून, "उचलून नेऊ का?"

"हात तर लावून बघा!"

"बरं... मग हात नुसता धरायला देऊ?"

आता सांगते डोळ्यांचं. हसायचे ते. तोंड अगदी गंभीर, आणि डोळे मात्र हसत असायचे. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, ग्रीसकडे पाहिलं, आणि कठडा धरला.

तो माझ्या मागे एक पायरी सोडून येत राहिला. "तोल गेलाच तर माझ्यावर पडाल."

"ह्यात फायदा कुणाचा?"

"बघू या. पडा तरी आधी!"

मला हसू फुटलं. दुखत होतं हो, गुडघ्यात सुऱ्या फिरत होत्या. पण जिन्याच्या वळणावर एक मोठी दुधी काचेची खिडकी होती, बाहेर धुकं उतरलेलं, आणि तो सगळा मऊ पांढरा उजेड पायऱ्यांवर सांडलेला... त्यात आम्ही दोघं थांबलो. कुठल्याही मजल्यावर नसल्यासारखे. ऑफिसातले आवाज कुठेतरी लांब गेले होते.

"नाव काय तुमचं?"

"नाव सांगायलाही... दम लागतोय."

"मग मी तिसरा मजला म्हणतो."

"आणि मी लिफ्टवाले."

"चालेल की! आजवर सगळे लिफ्टवालाच म्हणत आलेत. तुम्ही आदराने म्हणालात."

अशी हसत, धापा टाकत, गाल लाल करून मी वर पोचले. दारातच अधिकारी बाईंनी विचारलं, "या. कशा आहात?"

आणि मी म्हणाले, "मजेत!"

झालं! अहो, आजारी माणसाला ही सवयच लागलेली असते. शेजारीण विचारते, मजेत. दुकानदार विचारतो, मजेत. खरं सांगायला लागलं की लोकांचे चेहरे पडतात, मग त्यांचीच समजूत घालत बसावं लागतं. म्हणून मजेत. पण जिथे खरं सांगण्यासाठीच बोलावलं होतं तिथेही मी तेच बोलले, आणि वर दात काढून हसले. कारण दाराबाहेर तो उभा होता आणि त्याला ऐकू जात होतं. बाईंनी पुढे पुष्कळ विचारलं. मी प्रत्येकाला "जमतं की" म्हणत गेले.

मी बाहेर आले तोवर त्याने खाली जाऊन लिफ्ट सुरू केली होती. त्याने दार धरलं. "पुन्हा कधी भेटाल?"

"मी चौकातल्या दातांच्या दवाखान्यात फोन घेते, दोनच तास. दात दुखला तर करा फोन."

पुढचे कितीतरी दिवस मी अंथरुणात काढले. गुडघे भोपळ्यासारखे सुजले, बोटं मिटेनात. मदतीच्या बाईंनी चमच्याने भरवलं, आणि म्हणाल्या, "एवढं दुखतंय आणि हसतेस काय गं वेड्यासारखी?"

पुन्हा कामाला लागले त्याच दिवशी फोन वाजला. "माझी दाढ ठणकतेय."

"कुठली?"

"कुठलीही चालेल... तुम्ही सांगाल ती."

खरंच आला! डॉक्टरांनी तोंड तपासून सांगितलं, दात एकदम खणखणीत आहेत. तो म्हणाला, मग पुढच्या आठवड्यात परत दाखवतो. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्ची रिकामी करायला सांगितली.

मग आम्ही भेटू लागलो. दवाखान्यामागच्या बागेत एक बाक होता, तिथे दुपारी ऊन अगदी मांडीवर येऊन बसायचं. तो लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. कुठली म्हातारी झालीय, कुठली उगाच कुरकुरते, कुठली मध्येच रुसून थांबते. मी म्हणायचे, सगळ्या बायकाच का हो? तर म्हणायचा, रुसल्यावर समजूत मलाच काढावी लागते, म्हणून वाटतं तसं. कधी तो बोलता बोलता थांबायचा आणि नुसता बघायचा... मग माझंही पुढचं वाक्य हरवायचं.

पण मी जायचे ती फक्त चांगल्या दिवशी. वाईट दिवशी मोबाइलवर त्याचा फोन आला की "काम आहे". एवढंच, तुटक. त्याला माझी काठी माहीत होती. काठीमागचं काही माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं. त्या बाकावर मी कुणाची आजारी नव्हते ना!

आणि मग निकाल आला. भत्ता बंद. कारण असं दिलेलं, की स्वतः तीन मजले चढून आल्या, प्रसन्न होत्या, तक्रार नाही.

मी त्या बाकावर बसून ढसाढसा रडले. प्रसन्न! ज्या माणसामुळे प्रसन्न होते, तो शेजारी बसून रुमाल शोधत होता.

"अपील करता येतं ना?" तो म्हणाला. "मी येतो. लिफ्ट बंद होती, मीच उघडून ठेवली होती, हे मी सांगतो."

"तेवढंच सांगायचं आणि बाहेर जायचं."

"का?"

"मी म्हणते म्हणून!"

अपिलाच्या दिवशी लिफ्ट नीट चालू होती. आत आम्ही दोघंच. दार मिटलं, आणि ती इतकी हळू वर निघाली की वाटलं, अशीच जात राहावी, मजलाच येऊ नये. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं. दोघांनीही काढलं नाही.

आत लांब टेबलामागे तिघं होते, मधले साहेब वयस्क. त्याने लिफ्टचं सांगितलं, सरळ, दोन वाक्यांत. मग जायला वळला, तर साहेब म्हणाले, "बसा, बसा. अजून काही विचारावं लागेल."

बसला! माझ्या शेजारीच.

"बोला," साहेब म्हणाले. "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा."

जिभेवर आलंच होतं, जमतं की... एवढं म्हणाले असते, तर त्याच्या डोळ्यांत मी ती बाकावरची मुलगी राहिले असते. आणि खोली गेली असती. परगावी, ताईच्या घरी, कुठला बाक नि कुठलं काय! मी त्याच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत सुरुवात केली.

"सकाळी मी उठत नाही, साहेब. मला उठवावं लागतं. बोटं उघडायला वेळ लागतो. बटणं लावता येत नाहीत, केस बाई विंचरतात. वाईट दिवशी... वाईट दिवशी मला संडासलाही धरून न्यावं लागतं." आवाज फाटला, पण थांबले नाही. "त्या दिवशी जिना चढले, त्यानंतर कितीतरी दिवस पडून होते. मी मजेत म्हणाले, कारण मला लाज वाटली. आताही वाटतेय. मरणाची वाटतेय!"

बाजूची बाई लिहायची थांबली होती. साहेबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, आणि मी तो दोन्ही हातांनी उचलला, कारण मला तसाच उचलता येतो. आजवर त्याच्यासमोर मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"बाहेर बसा. थोड्या वेळाने कळवतो," साहेब म्हणाले.

बाहेर जिन्यातल्यासारखीच दुधी काचेची खिडकी, तोच पांढरा उजेड. मी बाकड्याच्या टोकाला बसले. तो दुसऱ्या टोकाला. गेला, मनात म्हटलं. गेला हा.

"म्हणजे..." तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही फोनवर 'काम आहे' म्हणायचात, तेव्हा काम नसायचं?"

"नाही."

"अंथरुणात असायचात?"

"हो. ऐकलंत ना सगळं? आता परत कशाला वदवून घेताय?"

आणि तो हसायला लागला! तोंडावर हात धरून, खांदे हलवून. मी अशी भडकले म्हणता! "हसता काय? लाज नाही वाटत?"

"अहो, मला वाटायचं मी आवडत नाही तुम्हाला!" त्याचे डोळे भरून आले होते. "एक दिवस तासभर गप्पा, दुसऱ्या दिवशी फोनवर दोन शब्द. रात्र रात्र विचार करायचो, काय चुकलं माझं? काय बोललो मी? वेडा व्हायची पाळी आली होती..."

मी ज्याला घाबरत होते त्याच्यात, आणि तो ज्याला घाबरत होता त्याच्यात, दोघांची झोप गेली होती की!

तो सरकत सरकत माझ्याजवळ आला. "वाईट दिवशी मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं यायचं. बसायचं. बडबड नाही."

"हे 'बडबड नाही' जरा अवघड आहे."

"मग येऊ नका."

"येणार." त्याने माझा हात हातात घेतला, सुजलेली बोटं सांभाळून, तळव्याखालून. आणि डोळे, पहिल्यांदाच, हसत नव्हते. "ऐक... मला तू आवडतेस. चांगल्या दिवशीची आवडतेस. आज आत बोललीस ना, ती तर..."

दार धाडकन उघडलं. शिपाईकाका बाहेर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुमचा भत्ता परत चालू झाला. पुढची काही वर्षं तपासणी नाही."

कितीतरी दिवस हेच एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि आता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, खोली वाचली होती, खिडकी वाचली होती... आणि कान मात्र भलतीकडेच लागले होते.

"परत सांगा ना," मी म्हणाले.

शिपाईकाकांनी आवाज चढवला. "भत्ता चालू झाला, म्हटलं!"

"तुम्ही नाही हो, काका," मी म्हणाले. "हे."