जगदेवीला लावलेले डोळे

फ्रेम पोचवायला निघाला की ज्ञानू वाघमोडे ती जुन्या चादरीत गुंडाळायचा आणि स्कूटरवर दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरायचा. काच कायम आतल्या बाजूला. रस्त्यावरच्या परक्या माणसांनी गेलेल्या माणसाचं तोंड उगाच बघू नये, एवढंच त्याच्या मनात असे. त्या दिवशीही तो तसाच निघाला. उन्हाळ्यातली दुपार होती. अक्कलकोट रोडवर चिटपाखरू नव्हतं. यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमधून येणारी खटखट तेवढी हवेत भरून राहिली होती. चादरीत जगदेवी होती.

ज्ञानू मूळचा नातेपुत्याचा. सोलापुरात स्टुडिओ घातला त्याला आता अर्धं आयुष्य होत आलं होतं. फोटो काढून घ्यायला आलेलं माणूस आपला चेहरा घेऊन येत नाही, लग्नातला नाहीतर साहेबापुढचा कुठला तरी घालून येतं, हे तो फार लवकर शिकला. तो चेहरा उतरवायची त्याची रीत साधी होती. माणूस ज्या भाषेतलं असेल त्या भाषेत जेवण झालं का म्हणून विचारायचं. कानडी बाईला 'ऊट आयता?', तेलुगू विणकराला 'तिन्नारा?' काय खाल्लं ते आठवताना कुणालाच खोटं तोंड करता येत नाही. तेवढ्यात बटण दाबायचं. मग आपलाच फोटो बघून एखादी म्हातारी 'अगंबाई, मी अशी दिसते?' म्हणायची, आणि ज्ञानूचा दिवस गोड व्हायचा.

मोबाईल आले आणि ते सगळं आटलं. आता पासपोर्टचे फोटो आणि गेलेल्यांच्या तसबिरी, एवढंच काम उरलं होतं. तसबिरींचं काम जिकिरीचं. आधारकार्डावरचा धुरकट फोटो घेऊन लोक येत, याला कोट घाला, हिला पैठणी नेसवा म्हणत. ज्ञानू तेही मनापासून करी. बायको विजयमाला टोमणा मारायची, की दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसता आणि घरी आलात की नुसतं ताटाकडं बघून जेवता.

जगदेवी काविळीनं गेली तेव्हा तिच्या घरून त्यालाच बोलावणं आलं. घर लिंगायत. त्या लोकांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार. घरची माणसं दोन्ही बाजूंना बसतात आणि शेवटचा फोटो निघतो. ज्ञानूनं असे फोटो पुष्कळ काढले होते. पण ही पंचविशीच्या आतबाहेरची पोर. एका बाजूला तिची आई गौरम्मा, कारखान्यात टॉवेलांना शिलाई मारणारी. दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण सिद्धेश्वरी. बाप लहानपणीच गेलेला. घरात त्या तिघीच होत्या, आता दोघी.

गौरम्मा पुढं स्टुडिओत आली आणि म्हणाली, या फोटोतले डोळे उघडून द्या. घरात जगदेवीचा दुसरा फोटोच नव्हता. लहानपणी मागावरचा लाकडी धोटा उडून तिच्या गालाला लागला होता, त्याचा व्रण राहिला. तेव्हापासून मोबाईल समोर आला की ती ओढणी तोंडावर घ्यायची. आधारकार्डावर ती कोण आहे तेच ओळखू येत नव्हतं. व्रण पुसू का, असं ज्ञानूनं दबकत विचारलं.

"नको, अण्णा," गौरम्मा म्हणाली. "व्रण पुसला तर ती माझी पोर न्हाय. डोळे तेवढे उघडा. भित्तीवर मिटल्या डोळ्यांची पोर... मला बघवायची न्हाय."

डोळे उघडणं ज्ञानूला नवीन नव्हतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये कितीतरी माणसांचे डोळे होते. त्यांतले जुळणारे उचलायचे, उजेड मिळवायचा, पापणीची कड साधायची. पण या वेळी काही केल्या जमेना. ज्याचे डोळे लावावेत, तेच कुणीतरी जगदेवीच्या चेहऱ्याआडून बघू लागे. शेवटी त्याला सुचलं. लेकीची ठेवण आईसारखीच होती. मग आईचेच डोळे का लावू नयेत?

त्यानं गौरम्माला बोलावून स्टुलावर बसवलं. जेवणाचं विचारलं नाही. म्हणाला, "समजा, जगदेवी दारातनं आत आलीया. तिच्याकडं बघा."

गौरम्मानं दाराकडं पाहिलं. आधी काही झालं नाही. मग तिच्या डोळ्यांत खोलवरून काहीतरी वर आलं. भरल्या विहिरीत पोहरा वर येतो तसं, सावकाश. अशी नजर फोटोवाल्याला आयुष्यात एकदोनदाच भेटते. ज्ञानूनं बटण दाबलं. त्या क्षणी त्याला झाला तो निव्वळ आनंद होता.

गौरम्मा उठली. जरा वेळ भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"हलकं वाटतंय," ती म्हणाली. "डोळ्यामागचं ओझं कुणी उतरवून घेतल्यागत."

तीच तसबीर घेऊन तो त्या दुपारी निघाला होता. घरात ती भिंतीवर लागली तेव्हा सिद्धेश्वरीनं तोंडावर हात घेतला, शेजारपाजारच्या बायका हमसून रडल्या. जगदेवी जिवंत बघत होती. गौरम्मानं मात्र वर एकदा पाहिलं, चांगला झालाय म्हणाली, आणि शिलाईला बसली. दुःखानं माणूस दगड होतं, असं मनाशी म्हणत ज्ञानू परतला.

पुढं काही दिवसांनी सिद्धेश्वरी एकटीच स्टुडिओत आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. बराच वेळ ती काउंटरवरच्या काचेखालचे पासपोर्ट फोटो बघत उभी राहिली. मग हळूहळू बोलायला लागली. आई जेवते, कामाला जाते, कुणी काही विचारलं तर नीट उत्तर देते. रडत नाही. आणि लेकीला ताट वाढते ते पाव्हण्याला वाढल्यासारखं.

"काल मला म्हणाली, तुमी जेवला का?" सिद्धेश्वरीनं मान वर केली. "मला, काका. तुमी म्हणाली... ती माझ्याकडं बघतीया, पर एस्टीची पाटी वाचल्यागत बघतीया."

डॉक्टरला दाखवलं का, असं ज्ञानूनं विचारलं. दाखवलं होतं. नजर चांगली आहे, धक्का बसलाय, सावरतील म्हणाले होते.

"आन् दुसरं एक हाय." ती थांबली. "अक्काचा फोटो बघतो माझ्याकडं. अक्का बघायची तसं न्हाय... आई बघायची तसं. कामावरनं आले की मी तितंच बसते. ताट घेऊन. बघत बघत जेवते."

ज्ञानूच्या हातातला लेन्सचा रुमाल तसाच राहिला. ती गेल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला आणि पहिल्यांदाच काम म्हणून न बघता नुसता पाहिला. तिथं जगदेवी नव्हतीच. दारातून लेक आत येताना बघणारी एक आई होती. त्यानं गौरम्माला तसं बघायला सांगितलं होतं आणि तिनं ते बघणंच देऊन टाकलं होतं. ती नजर आता त्याच्यावर खिळली. त्याची आई त्याच्या लहानपणीच गेली होती. असं कुणी आपल्याकडं बघितल्याला किती वर्षं झाली, हे मनात आलं तसं त्याला भरून आलं. भीती नंतर वाटली. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपणही उठायचं विसरून तिच्यासमोर बसून राहिलो आहोत.

दुसऱ्या दिवशी तो मूळचा, मिटल्या डोळ्यांचा फोटो छापून घेऊन गेला. दुपारची वीज गेली होती. मागांची खटखट बंद पडली की त्या वस्तीत कान बधिर झाल्यासारखे होतात. गल्लीभर सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास कोंडला होता. घरात अर्धवट अंधार होता, आणि त्या अंधारात तसबिरीतले डोळे आधी दिसत, चेहरा मागून.

गौरम्मा दाराशी उजेडाला बसून सुई ओवत होती. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. तिनं वर पाहिलं.

"या. कुणाकडं आलाय?"

"मी ज्ञानू... फोटोवाला."

"व्हय, व्हय. बसा की," ती म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली.

ज्ञानूनं सिद्धेश्वरीला मागच्या मोरीपाशी नेलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. हा फोटो काढून मिटल्या डोळ्यांचा लावू. कॉम्प्युटरमधला मी कालच पुसलाय. पण आईचं बघणं परत येईल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सिद्धेश्वरीनं ओठ दाबून धरले.

"न्हाय आलं तर?" ती म्हणाली. "हितं निदान भित्तीवर तरी हाय. तेबी गेलं तर मला कोण बघायचं, काका?"

बाहेर गौरम्माची कात्री वाजली. मग सिद्धेश्वरी आत गेली, स्टुलावर चढली आणि तसबीर उतरवून घेऊन आली. तिनं ती छातीशी उलटी धरली होती. काढा म्हणाली.

त्यानं मागचे खिळे वाकवून फोटो बाहेर काढला. फाडायला हात धजेना, जाळायला तर नाहीच. मोरीवर पाण्याचं घमेलं होतं. त्यात त्यानं तो कागद उताणा सोडला. स्टुडिओतल्या मशीनवर छापलेला, त्यामुळं रंग लगेच सुटू लागला. आधी हार गेला, मग साडी, विभूती, गाल. पाणी तांबूस काळं झालं. डोळे काही केल्या विरघळेनात. पांढऱ्या पडलेल्या कागदावर ते दोन तसेच राहिले. पाण्याच्या हेलकाव्यावर हलत ते सिद्धेश्वरीकडं बघत होते. ती गुडघ्यावर बसली.

"अव्वा," तिनं घमेल्यात वाकून आईला हाक मारली. "ये की परत..."

मग डोळ्यांच्या कडा फुटल्या. काळा रंग दोऱ्यासारखा वर आला आणि पाण्यात पसरून गेला.

घरात शिलाई थांबली होती. कुणीतरी उठल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. गौरम्मा मोरीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"सिद्धे," ती म्हणाली. "किती वाळलीस गं... कामावर जाताना जेवत न्हाईस का तू?"

सिद्धेश्वरी ओल्या हातांनीच तिच्या गळ्यात पडली. गौरम्मा तिला कुरवाळत होती, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत होती. स्टुडिओत स्टुलावर वर आलेलीच ती नजर, तीच. ज्ञानू तोंड फिरवून मिटल्या डोळ्यांचा फोटो फ्रेममध्ये बसवू लागला. खिळा ठोकताना तो मधेच थांबून मागं वळून तिच्याकडं बघत होता. ते फक्त सुटकेनंच, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

तसबीर भिंतीवर लागली. गौरम्मा तिच्यापुढं बसून पोटभर रडली. इतके दिवस न रडलेलं सगळं रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, अण्णा, एक राहिलीया तिचा तरी माझ्यासंगं फोटो काढून ठेवा, उद्याचं कुणाला ठावं.

उजेड चांगला होता. ज्ञानूनं दोघींना दाराच्या चौकटीत बसवलं. सिद्धेश्वरी आईच्या खांद्याला टेकली. तिचा चेहरा उमलला होता, इतका की जेवणाचं विचारायची गरजच नव्हती. गौरम्मानं मान वळवून लेकीकडं पाहिलं आणि पाहत राहिली.

ज्ञानूनं खांद्यावरच्या पिशवीतला कॅमेरा काढून डोळ्याला लावला. माणसाची पापणी लवते, आणि ती उघडल्यावर जो पहिला क्षण असतो त्यात डोळे सगळ्यांत ताजे दिसतात. बटण तेव्हा दाबायचं. त्यामुळं आधी पापणीची वाट बघायची, ही त्याच्या बोटाला लागलेली सवय होती. तो वाट बघू लागला.

वीज आली. आजूबाजूचे माग एकेक करत सुरू झाले. गल्लीतून टेम्पो गेला, त्याच्या मागं धुळीचा लोट आला आणि सरळ दारात शिरला. सिद्धेश्वरीनं डोळे मिटून घेतले, खोकली, पुन्हा हसली. ज्ञानूचेही डोळे चुरचुरले.

गौरम्माच्या डोळ्यांत धूळ गेलेली त्याला भिंगातून स्पष्ट दिसत होती. डोळे लाल झाले, पाणी धरलं, ते गालावरून ओघळून हनुवटीपर्यंत आलं. पापणी हलली नाही. ती तशीच लेकीकडं बघत होती, मायेनं, एकटक, विरघळलेल्या त्या फोटोतल्यासारखी.

"काका, काढा की," सिद्धेश्वरी ओठ फारसे न हलवता म्हणाली.

ज्ञानूचं बोट बटणावर होतं. मागांची खटखट चढत गेली. तो वाट बघत राहिला.