शेवटचा अंक पुसला तरी

निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची बस सुटता सुटता आरोही चढली आणि खिडकीपाशी बसलेल्या तरुणाशेजारी धपकन बसली. दुपारी बेळगावात कॉलेजांची गणितावरची भाषणस्पर्धा होती. ती हळू, कापऱ्या आवाजात भाषण पाठ करू लागली, "मूळ संख्या म्हणजे स्वतःशिवाय आणि एकाशिवाय जिला कशानंच भाग जात नाही..."

"मग तुमचाच आवाज का असा फुटायलाय?" तो हसला.

तिनं रागानं पाहिलं. त्यानं काचेवरच्या धुळीत बोटानं लिहिलं – ७३९३९१३३.

"ही मूळ संख्या. आता शेवटचा अंक पुसतो... ही बी मूळ. अजून एक पुसला... तरी मूळच!" पुसत पुसत नुसता सात उरला. "एकदाबी मोडत न्हाय. असली याच्याहून मोठी संख्याच न्हाय बघा."

त्याचे डोळे चमकत होते. आरोहीनं घाईघाईनं नजर रस्त्याकडे वळवली.

दुपारी व्यासपीठावर तीच संख्या तिच्या तोंडून निघाली. वर, "ही मी शोधून काढली," असंही ती बोलून गेली! टाळ्या पडल्या... आणि मागच्या रांगेत तो दिसला. तो रागावला नव्हता. उलट, चोरी त्यानंच केल्यासारखा मान खाली घालून बसला होता. आरोहीच्या अंगावर काटा आला.

"पुढं आणखी एक अंक का जोडता येत नाही?" परीक्षक बाईंनी विचारलं.

तिनं मागच्या रांगेकडे बोट केलं. "मॅडम... ही मी शोधलेली न्हाय. सकाळी बसमध्ये त्यांनी सांगितली. मी चोरली. त्यांचं नावसुद्धा विचारलं न्हाय."

तो अडखळत उठला. "मंथन... उचगाव." कुणीतरी हसलं. "एक न्हायतर सात जोडला की तीननं भाग जातो. तीन न्हायतर नऊ जोडला तर दुसऱ्या कुठल्यातरी संख्येनं जातो, पण ती शोधताना घाम निघतो. सम अंक अन् पाच तर सोडाच." एवढं बोलून तो मटकन खाली बसला.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. आरोही फाटकापाशी पर्स छातीशी धरून उभी होती. पाऊल उचलत नव्हतं.

"राग आलाय?" तो जवळ येताच तिनं विचारलं.

"व्हय. लई."

तिचे डोळे भरून आले.

"चार माणसांत बोलायला लागतंय म्हणून मी स्पर्धेत नाव दिलं न्हवतं, नुसतं ऐकायला आलतो. आज तुमच्यामुळं उभारायला लागलं. पाय अजून लटपटायलेत... त्याचा राग." तो थांबला. "अन् सगळ्यांम्होरं खरं बोललासा तवापासनं... दुसरं काय सुचंना झालंय."

"मला तुमच्याकडं बघवत न्हाय, मंथन."

"नका बघू. पण... रविवारी किल्ल्याच्या तळ्याकडं येशिला?"

लाजेनं तिचे कान पेटले होते. तरी ती पुटपुटली, "रविवारपातूर अशीच मान खाली घालून बसू व्हय?... आत्ताच चला की."