न वाळणारा चौकोन

"...मास्तर म्हणे बायकोच्या अंगातला रंग काढून घेतात, अन् तोच मग त्या गेलेल्या पोरीच्या..."

एवढ्यावरच उषाताई थांबल्या. बांगड्या भरणाऱ्या मनिहारिणीच्या दारात विजयाबाईंचं पाऊल पडलं होतं.

"पोरीच्या काय?" चपला काढता काढताच विजयाबाईंनी विचारलं.

"कुठं काय. हिरव्या दाखव म्हणत होते हिला."

"बाईसाहब, हाथ ढीला छोड़ो," मनिहारीण उषाताईंचा पंजा दाबत म्हणाली, आणि एक बांगडी मधेच तडकली. हात एवढा ताठ झालाय म्हणजे गोष्ट हिरव्या बांगड्यांची नव्हे, हे विजयाबाईंनी तिथंच ओळखलं.

संस्थानाच्या अमलातली गोष्ट ही, इंग्रजी तीस-एकतीस सालातली. लश्कर शहरातल्या दाना ओली नावाच्या गल्लीत विजयाबाईंना ठाऊक नाही असं सहसा काही घडत नसे. कुणाकडचे पाहुणे कधी परतणार, हे पाहुण्यांच्या आधी त्यांना कळे. शिक्षण मराठी तिसरीचं, पण चौकशी मॅट्रिकची, असं त्यांचे यजमान सदाशिवराव म्हणायचे. तरी त्यांचं नाक खुपसणं कुणाला फारसं बोचत नसे, कारण नाकामागून त्यांचे हातही येत. गल्लीतली निम्मी बाळं त्यांच्या पायांवर न्हालेली. आणि काजळ तर सगळ्या गल्लीला त्यांच्याच घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायचं, धरलेली काजळी लोण्यात खलायची, वर चिमूटभर भीमसेनी कापूर. त्या वासावरून कुठलीही बाई डोळे मिटून सांगे, हे विजयाबाईंकडचं.

उषाताई ज्यांच्याविषयी बोलत होत्या ते लक्ष्मीकांत मास्तर समोरच्याच माडीवर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात नया बाजारातल्या एका फोटोवाल्याचे फोटो घरी आणून रंगवायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोवर पाण्याचे रंग चढवायचे, बारीक कुंचल्यानं. लोक फोटो आणायचे ते बहुतेक गेलेल्या माणसांचे. आता त्या माणसाला मास्तरांनी जन्मात पाहिलेलं नसे, मग त्याच्या कातडीचा रंग त्यांना कसा कळावा? म्हणून त्यांनी तक्ते केले होते. जाड विलायती कागदावर बोटभर रुंदीचे चौकोन आखलेले. डावीकडे रंग दाट, आणि उजवीकडे जावं तसं एकेका चौकोनात पाणी वाढत गेलेलं. एक ओळ गोऱ्यांची, एक निमगोऱ्यांची, तीन गव्हाळांच्या, मग सावळ्यांच्या. नातेवाईक यायचे, बराच वेळ बघत राहायचे आणि एका चौकोनावर बोट ठेवायचे. "असे होते आमचे नाना." मास्तर त्याखाली पेन्सिलीनं नाव लिहायचे.

"ओल्या रंगावर भरवसा ठेवू नका," असं ते प्रत्येकाला बजावायचे. "वाळला की दोन पायऱ्या फिका पडतो. वाळू द्या, मग बोट ठेवा."

त्यांची स्वतःची लीला माघात गेली. साडेतीन वर्षांची, अकरा दिवसांचा ताप. मेळ्यात लाकडी घोड्यावर बसवून काढलेला तिचा एकच फोटो होता, आणि सगळ्या लश्करचे मेलेले रंगवणाऱ्या मास्तरांना तो तेवढा रंगवता येईना. तेव्हापासून माडीवरून मास्तर फारसे उतरत नव्हते, आणि त्यांची बायको शरयू तर नळावरसुद्धा दिसत नव्हती. म्हणून गल्लीत कुजबुज.

विजयाबाईंना रात्रभर ते अर्धं वाक्य चावत राहिलं. पोरीच्या काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कुरडयांसाठी शिजवलेल्या चिकातला वाटीभर चीक घेतला, वर तूप-साखर घातली आणि तो बहाणा पदराखाली झाकून त्या निघाल्या. वैशाख होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लू, उन्हाळ्यातला तो पोळणारा वारा, अशी वाहत होती की पापड टाकला तर घटकेत कडक व्हावा.

माडीवर मात्र काळोख. खिडक्यांना खसाचे, म्हणजे वाळ्याचे पडदे, त्यांचा ओला वास, आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. एका उत्तरेच्या खिडकीची फळी तेवढी उघडी, आणि तिच्या उजेडात मास्तर वाकून बसलेले. डोळे निवले तेव्हा विजयाबाईंना दिसलं, खोलीभर सुतळ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर तक्ते लटकत होते. चाळीस असतील, पन्नास असतील. एरवीच्या तक्त्यांत गोरे-सावळे असत. या साऱ्या तक्त्यांतले सारे चौकोन जवळजवळ एकाच रंगाचे होते. आणि प्रत्येकाखाली एकच नाव होतं, लीला.

"या काकू," शरयू भिंतीजवळून म्हणाली. नुसती वाळली होती ती, पण ओठांवर लाली होती अजून. रंग काढून घेतल्याची काही खूण विजयाबाईंना दिसली नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मी म्हणतो, यापेक्षा गव्हाळ होती," मास्तर वर न बघता म्हणाले. "ही म्हणते गोरी."

"गोरीच होती."

"आम्हां दोघांची लीला एक राहिली नाही, काकू. रोज थोडी थोडी वेगळी होतेय. आणखी महिन्यानं..." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला. "तुम्ही तिला न्हाऊ घातलंय. तुम्ही सांगा."

आता कुणी काही विचारावं आणि विजयाबाईंना ते येत असावं, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. त्या सरसावून बसल्या.

"गोरी नव्हे अन् गव्हाळही नव्हे. दूध तापलं की कडेला साय धरते ना, तो रंग. अन् आतून गुलाबी. झोपून उठली की डावा गाल जास्त."

मास्तरांनी पिवळ्या पिवडीत लाल हिंगूळ मिसळला. एक चौकोन. "नाही." गेरूचा नुसता स्पर्श. "नाही. अजून पाणी." ओळीतला नववा चौकोन भरला आणि तिघंही पुढं वाकली.

तो गाल होता. कागदावर बोटभर जागेत लीलाचा गाल होता.

विजयाबाईंचा हात आपोआप उठला. गल्लीतल्या प्रत्येक बाळाला न्हाऊ घातल्यावर उठायचा तसाच. आपल्या डोळ्याच्या कडेचं काजळ त्यांनी करंगळीवर घेतलं आणि त्या चौकोनाच्या कोपऱ्यात तीट लावली. "गुणाची गं माझी," त्या पुटपुटल्या. "दृष्ट नको लागायला."

शरयू हसली. माघानंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी विजयाबाईंनी यजमानांना सगळं रंगवून सांगितलं. सदाशिवराव सुपारी कातरायचे थांबले.

"अगं, तीट जित्या लेकराला लावतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दृष्ट लागायची भीती कुणाला असते, तेवढं बघ."

चार दिवसांनी विजयाबाई पुन्हा गेल्या. मास्तर त्याच जागी बसले होते, फोटो समोर, कुंचला कोरडा.

"वाळत नाही, काकू."

"काय?"

"बाकीचे आठ त्याच दुपारी वाळले. हा वाळत नाही. आणि वाळल्याशिवाय मी फोटोला हात कसा लावू?"

बाहेर लू हिरवी पानं जाळत होती. विजयाबाईंनी वाकून पाहिलं. नववा चौकोन ओलसर चमकत होता. त्यांनी बोटाचं टोक हळूच टेकवलं. कागद गार लागायला हवा होता. तो कोमट होता, झोपेत घामेजलेल्या पोराच्या गालासारखा. आणि त्यांनी लावलेली गोल तीट आता गोल नव्हती. कान असता त्या बाजूला फरफटली होती. मुलं मनगटानं गाल पुसतात, तशी.

"हे कुणी पुसलं?"

"रोज अशीच होते," शरयू मागून म्हणाली. "सकाळी पुन्हा गोल असते. दुपारी बघावं तर अशी."

विजयाबाई वळल्या. खसाच्या अंधारातही त्यांना दिसलं. शरयूच्या ओठांवरची लाली गेली होती. नखं कागदासारखी झाली होती. आणि ती भिंतीला टेकून एका बाजूला कलून बसली होती, डावा खांदा थोडा उचलून, मान उजवीकडं काढून. कडेवर निजलेलं मूल जागं होऊ नये म्हणून बाया बसतात तशी.

वैद्य आले, पांडुरोग म्हणाले, लोहभस्म दिलं. विजयाबाई रोज डाळिंबाचा रस घेऊन माडी चढायच्या. रस शरयूच्या पोटात जायचा आणि कुठं जायचा ते कळायचं नाही. ती दिवसागणिक पांढरी होत गेली. चौकोन मात्र टवटवीत होत गेला. एकदा मास्तर फोटोवाल्याकडं गेलेले बघून विजयाबाईंनी पदराचं टोक भिजवलं आणि सरळ तक्त्यापाशी गेल्या. आपण लावलं, आपणच पुसायचं.

"पुसू नका, काकू."

शरयू कधी उठली ते त्यांना कळलं नव्हतं. ती अगदी जवळ उभी होती.

"अगं, तू बघतेस का स्वतःकडं? जीव जाईल तुझा."

"दुपारी येते ती. माझ्यापाशी झोपते. जड झालीय आता..." तिचा आवाज खाली गेला. "हळू बोला. झोपलीय."

"शरयू, इथं कुणी नाही गं..."

"पन्नास तक्ते केले यांनी. पन्नासांत ती नव्हती. तुम्ही दिलीत मला, काकू. आता तुम्हीच नेऊ नका."

विजयाबाईंचा हात तसाच राहिला. पदराच्या टोकातून पाणी त्यांच्याच पावलावर ठिबकत होतं. एक फराटा मारायचा होता, बस. जन्मभर त्या हेच घोकत राहणार होत्या. पण त्या आईच्या चेहऱ्याकडं बघून त्यांच्यानं तो मारवला नाही. घरी येऊन त्यांनी एक केलं. काजळाची डबी राखेत उपडी केली आणि त्या दिवसापासून घरात काजळ धरलं नाही. गल्लीतल्या बायांना सांगितलं, एरंडेल चांगलं मिळत नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी, भर दुपारी, शरयू गेली.

न्हाऊ घालायला विजयाबाई, उषाताई आणि गल्लीतल्याच शांताताई होत्या. देहात रंग म्हणून नव्हता. कोऱ्या कागदाला पाणी लावावं तसं वाटत होतं. उषाताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणत होते ना. मास्तरांनी काढला हिचा रंग, पोरीच्या फोटोत भरायला."

"फोटो अजून काळा-पांढराच आहे. मास्तरांनी नाही काढला."

"मग गेला कुठं?"

शरयूच्या डाव्या खांद्यावरचं लुगडं बाजूला करताना विजयाबाईंना दिसलं होतं. तिथं काजळाचा एक फराटा होता, बोटभर लांब, ताजा. गाल टेकला की उमटतो तसा. त्यांनी तो पुसला. ओल्या फडक्याला भीमसेनी कापराचा वास आला.

महिना झाला होता त्यांच्या घरातलं काजळ बंद होऊन.

चौदाव्या दिवशी मास्तर त्यांच्या दारात आले. बगलेत तोच तक्ता आणि हातात शरयूचा लग्नातला फोटो. हा माणूस रडला असता तर विजयाबाईंना बरं वाटलं असतं. पण ते शांत होते, थकलेल्या माणसासारखे शांत.

"हिचाही रंगवावा म्हणतो," ते म्हणाले. नवव्या चौकोनाखाली त्यांनी नवी ओळ भरली होती, आणि तिच्याखाली शरयूचं नाव. "मला फक्त शेवटचा पांढरा आठवतो. आधीची कशी होती? तुम्ही बोट ठेवा, काकू. तुमची नजर चुकत नाही."

नववा चौकोन ओलाच होता. त्यावरची तीट फरफटलेली. विजयाबाईंचं बोट पुढं झालं, ते त्या तिटेकडं. आता तरी पुसायची. मास्तरांना वाटलं, त्या रंग दाखवताहेत. त्यांनी तक्ता आशेनं जवळ धरला. बोट त्या ओल्या कागदाच्या इतकं जवळ गेलं की त्याची ऊब लागली. आणि उबेसोबत काहीतरी संथ, आत-बाहेर होणारं. निजलेल्या पोराच्या श्वासासारखं.

विजयाबाईंनी बोट मागं घेतलं.

"मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्हाला?"

"नाही आठवत, मास्तर. तुम्ही गावाला जा कुठंतरी. हे तक्ते इथंच टाका अन् जा."

"कसा जाणार," मास्तर अगदी हळू म्हणाले, आणि जाताजाता ओठांवर बोट ठेवल्यासारखं केलं.

ते पाठमोरे झाले. दुपारच्या रिकाम्या गल्लीतून ते सावकाश चालले होते, मान उजवीकडं काढून, डावा खांदा जरा उचलून. विजयाबाई दाराला धरून बघत राहिल्या. अंगरखा धुतलेला होता, पांढराशुभ्र. डाव्या खांद्यावर तेवढा एक काळा फराटा होता, आणि त्या बघत असतानाच तो थोडा आणखी लांबला.